रॅकून: पाळावा, खाऊ घालावा, की नुसता शेजारी राहू द्यावा?

मागच्या अंगणात रात्री रॅकून, म्हणजे डोळ्यांभोवती काळा पट्टा आणि वलयांची झुपकेदार शेपूट असलेला वन्य प्राणी, यायला लागला की घरात हमखास दोन तट पडतात. एकाला त्याचं पिल्लू मिळालं तर पाळायचं असतं, दुसऱ्याला तो आसपासही नको असतो. मग तडजोड निघते: घरात घ्यायचा नाही, हाकलायचाही नाही, रोज रात्री पायरीवर थोडं खायला ठेवायचं. उत्तर अमेरिकेत, म्हणजे या प्राण्याच्या मूळ मुलखात राहणाऱ्यांपुढे साधारण हे तीन मार्ग असतात. माझं मत आधीच सांगून टाकते. अंतर ठेवून राहणं सर्वांत बरं, पाळणं बहुतेकांच्या आवाक्याबाहेरचं, आणि वरकरणी निरुपद्रवी वाटणारी ती तडजोड सर्वांत वाईट.

माणसाळतो, पण किती?

रॅकून माणसाळतो, यात शंका नाही. डोळे उघडण्याआधी हाती आलेलं पिल्लू बाटलीने दूध पाजून वाढवलं, तर ते माणसालाच आई समजतं, मागे मागे फिरतं, कुशीत झोपतं. याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण थेट व्हाइट हाउसमधलं आहे. १९२६ मध्ये राष्ट्राध्यक्ष कॅल्विन कूलिज यांना थँक्सगिव्हिंगच्या जेवणासाठी मिसिसिपीहून एक जिवंत रॅकूनची मादी भेट आली. कूलिज दांपत्याने तिचं जेवण करायचं सोडून तिचं नाव रेबेका ठेवलं आणि तिला पाळलं. गळपट्टा आणि साखळी घालून तिला हिंडवायचे. कूलिज पायउतार झाले तेव्हा तिची रवानगी वॉशिंग्टनच्या प्राणिसंग्रहालयात झाली. लाडाकोडात वाढलेल्या रॅकूनचा शेवट बहुधा असाच होतो, फक्त प्रत्येकाला प्राणिसंग्रहालय मिळत नाही.

कारण एखादा रॅकून माणसाळणं वेगळं आणि ती जात पाळीव होणं वेगळं. रशियातल्या नोव्होसिबिर्स्कला शास्त्रज्ञ दिमित्री बेल्याएव यांनी १९५९ मध्ये रुपेरी कोल्ह्यांवर प्रयोग सुरू केला. दर पिढीत सर्वांत शांत कोल्हेच पुढच्या पैदाशीसाठी निवडले. काही पिढ्यांतच शेपूट हलवणारी, माणसाकडे धावत येणारी पिल्लं जन्माला येऊ लागली. तुमच्या हातातल्या रॅकूनच्या पिल्लामागे अशी निवड झालेली एकही पिढी नसते. त्याचा लडिवाळपणा हा लहानपणाचा लडिवाळपणा असतो. वर्ष-दोन वर्षांत ते वयात येतं, हिवाळा सरता सरता माजाचे दिवस येतात, आणि काल मांडीवर लोळणारं जनावर आज ताटलीला हात लावला म्हणून कडकडून चावतं. नसबंदीने हे थोडं निवळतं, पुरतं जात नाही.

इथे कुणीतरी हमखास तो नवा अभ्यास पुढे करतं. २०२५ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी लोकांनी काढलेल्या रॅकूनच्या सुमारे २० हजार फोटोंची मापं घेतली. शहरी रॅकूनचं नाकाड ग्रामीण भागातल्यांपेक्षा साडेतीन टक्क्यांच्या आसपास आखूड भरलं. आखूड नाकाड हे पाळीव होत जाणाऱ्या प्राण्यांचं एक लक्षण मानलं जातं, म्हणून ‘रॅकून पाळीव होऊ लागले’ अशा बातम्या झाल्या. अभ्यास रंजक आहे, पण तो सांगतो एवढंच की माणसाच्या उकिरड्यावर जगायला न घाबरणाऱ्यांना शहरात बहुधा फायदा मिळतोय. मांडीवर बसण्याशी त्याचा संबंध नाही. वायोमिंगमधल्या लॅरमी शहरात जंगली रॅकूनवर केलेल्या प्रयोगात तर असं दिसलं की स्वभावाने शांत रॅकूनच कळ दाबून खाऊ मिळवायचं तंत्र जास्त करून शिकले. म्हणजे तुमच्या कचऱ्याच्या डब्याला खरा धोका गुरगुरणाऱ्याकडून नाही, त्या शांत बसून बघणाऱ्याकडून आहे.

घरात घ्यायचा म्हटला तर

आधी त्याचे हात बघा. मेंदूचा जो भाग स्पर्शाचं काम बघतो, त्याचा मोठा हिस्सा रॅकूनमध्ये पुढच्या पंजांसाठीच राखलेला असतो. कपाटाच्या कडीशी खेळणारा रॅकून कडीकडे बघतही नाही. मान भलतीकडे, नजर शून्यात, आणि बोटं मात्र आंधळ्या शिंप्यासारखी चाचपत असतात. १९०७ मध्ये संशोधक एच. बी. डेव्हिस यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत रॅकूननी १३ पैकी ११ प्रकारच्या कड्या-कुलपं दहाच्या आत प्रयत्नांत उघडली होती. लहान मुलांसाठी कपाटांना लावतात त्या प्लॅस्टिकच्या अडकवण्या त्यापुढे किती टिकतील? शिवाय हा प्राणी निशाचर. तुम्ही झोपलात की त्याचा दिवस सुरू. आणि जंगलात दोन-तीन वर्षांत मरणारा रॅकून घरात १५-२० वर्षंही जगू शकतो.

खरी अडचण मात्र रेबीजची आहे. कुत्र्या-मांजरांसारखी रॅकूनला टोचायची मान्यताप्राप्त रेबीजची लस अमेरिकेत नाही. पशुवैद्याने टोचली तरी कायद्याच्या लेखी ती धरली जात नाही. त्यामुळे पाळलेला रॅकून कुणाला चावला, नुसतं ओरबाडलं आणि तक्रार गेली, तर त्याला मारून मेंदू तपासायला पाठवतात. लाड किती केले होते याला तिथे किंमत नाही. ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीस न्यूयॉर्क राज्यात एका घरातून समाजमाध्यमांवर प्रसिद्ध असलेली खार आणि फ्रेड नावाचा रॅकून जप्त झाला. खार एका कर्मचाऱ्याला चावली. दोघांनाही मारण्यात आलं, आणि नंतर तपासणीत दोघांनाही रेबीज नसल्याचं निघालं. लोक सरकारवर भडकले, ते समजण्यासारखंच आहे. पण परवाना नसलेला वन्य प्राणी घरात ठेवणं म्हणजे त्याच्या डोक्यावर ही तलवार टांगून ठेवणं, हे त्या संतापात बुडून गेलं.

कायदा राज्यागणिक बदलतो. कॅलिफोर्नियात रॅकून पाळायला बंदी, फ्लोरिडात परवाना काढून पाळता येतो. म्हणजे नोकरीनिमित्त राज्य बदललं की प्राण्याचं काय, हा प्रश्न उभाच. युरोपीय संघाने २०१६ मध्ये त्याला घातक परक्या प्रजातींच्या यादीत टाकलं, तिथे विषयच संपला. जपानने हा धडा फार महागात घेतला. १९७७ मध्ये तिथल्या दूरचित्रवाणीवर एका गोंडस रॅकूनची कार्टून मालिका आली आणि पिल्लांची आयात सुरू झाली. पिल्लं मोठी झाली, चावू लागली, पिंजरे उघडून पळाली, काहींना मालकांनीच रानात सोडलं. आज तिथे रॅकून जवळपास देशभर पसरलेत, पिकं खातात, जुन्या देवळांच्या लाकडाची नासधूस करतात. २००५ पासून तिथे आयात आणि पाळणं दोन्ही बंद आहे. एखाद-दुसऱ्या मालकाचं चुकलं असं म्हणायला इथे वाव नाही. सगळ्यांचं एकाच वेळी, एकाच कारणाने फसलं.

पायरीवरची ताटली

आता ती तडजोड. ऑक्टोबर २०२४ मध्येच वॉशिंग्टन राज्यातल्या पॉल्सबो गावाजवळ एका बाईंनी पोलिसांना फोन केला: पन्नास ते शंभर रॅकूननी घराला वेढा घातलाय, गाडीतून उतरू देत नाहीत. त्या तब्बल ३५ वर्षं त्यांना खाऊ घालत होत्या. आधी मोजकेच यायचे, मग अचानक संख्या वाढली आणि ते दारावर, भिंतीवर पंजे मारून खाणं मागू लागले. ३५ वर्षं काही झालं नाही, हेच तर फसवं असतं.

खाऊ घातलेला रॅकून माणसाळत नाही, तो फक्त भीती सोडतो. पाळलेला निदान एका माणसाला ओळखतो. हा सगळ्याच माणसांकडे ताटली म्हणून बघतो. उद्या तो शेजारच्या पोराच्या हातातल्या बिस्किटावर झडप घालेल, शेजारी तक्रार करेल, आणि पिंजऱ्यात जाईल तो रॅकून, तुम्ही नव्हे. त्यात आई पिल्लांना घेऊन येते, म्हणजे पुढची पिढीही तीच वाट शिकते. एका ताटलीभोवती गर्दी झाली की कॅनाइन डिस्टेंपर हा कुत्र्यांनाही होणारा विषाणूजन्य रोग एकाचा दुसऱ्याला लागतो, आणि यात तुमच्या लस न दिलेल्या कुत्र्याचाही नंबर लागू शकतो.

जंतांचं तर वेगळंच सांगायला हवं. रॅकूनच्या आतड्यात बेलिसॅस्करिस नावाचा गोलकृमी सर्रास असतो आणि त्याची मादी दिवसाला लाखाच्या वर अंडी घालते. रॅकून ठरावीक जागी विष्ठा टाकतात: झाडाचं बूड, लाकडांची रास, डेकचा कोपरा. ती अंडी मातीत वर्षानुवर्षं तग धरतात आणि ब्लीचने मरत नाहीत. माणसाला हा संसर्ग क्वचितच होतो, पण झाला तर अळ्या मेंदूत, डोळ्यांत शिरतात. धोका सर्वांत जास्त कुणाला? माती तोंडात घालणाऱ्या लहान मुलांना. परवाना काढून पाळणारा निदान जंताचं औषध तरी देतो. ताटली ठेवणाऱ्याच्या हातात तेवढंही नसतं.

अंतर ठेवून शेजार

याला सुरुवातीला कष्ट पडतात, मग विसरून जाता येतं. कचऱ्याच्या डब्याला पक्कं कुलूपवजा झाकण, कुत्र्या-मांजराचं खाणं रात्री आत, धुराड्याला जाळी, पोटमाळ्याची भोकं बंद. कोंबड्या असतील तर षटकोनी भोकांची पातळ जाळी उपयोगाची नाही, तिच्यातून हात घालून तो कोंबडी ओढतो. बारीक चौकटीची जाड जाळी लागते. टोरोंटोने २०१६ पासून ओल्या कचऱ्याचे खास रॅकूनला पुरून उरणारे, फिरत्या कडीचे डबे घरोघरी वाटले. काही बहाद्दरांनी तेही उघडून दाखवले, तरी बहुतेकांना ते जमलेलं नाही.

पोटमाळ्यात रॅकून सापडला, तोही वसंतात, तर भोक लगेच बुजवू नका. आत पिल्लं असण्याचा संभव दाट. आई बाहेर आणि पिल्लं आत अशी ताटातूट झाली तर आई छप्पर फाडून आत शिरते, नाहीतर पिल्लं आत मरतात. दिवा लावून ठेवा, रेडिओ चालू ठेवा. आईकडे सहसा दुसरी बिळं असतात, ती एकेक पिल्लू तोंडात धरून हलवते. पकडून लांब सोडून येणं सोयीचं वाटतं, पण अनेक ठिकाणी ते बेकायदा आहे. कॅनडातल्या ओंटारिओत पकडलेला प्राणी एक किलोमीटरच्या आतच सोडावा लागतो. यामागे कारण आहे. १९७० च्या दशकात शिकारीसाठी फ्लोरिडातून रॅकून व्हर्जिनियाच्या बाजूला नेले गेले, त्यांच्यासोबत रेबीजही गेला, आणि तिथून तो अमेरिकेच्या पूर्व किनारपट्टीभर पसरला. आता तो आटोक्यात ठेवायला विमानांतून लसयुक्त आमिषं टाकावी लागतात.

दिवसा दिसला म्हणजे पिसाळलेलाच, असं नाही. पाजती आई उन्हातही खाणं शोधते. झोकांड्या खाणारा, मागचे पाय ओढणारा, माणूस जवळ गेला तरी न हलणारा दिसला तर मात्र प्राणी नियंत्रण विभागाला कळवा. विष्ठा दिसली तर हातमोजे-मास्क घालून लगेच काढा आणि जागेवर उकळतं पाणी ओता. त्यातली जंतांची ताजी अंडी बाधण्याजोगी व्हायला दोनेक आठवडे लागतात, तेवढीच सवड.

मग पाळावं कुणी? परवाना देणाऱ्या राज्यात स्वतःचं घर, बाहेर भक्कम पिंजऱ्याची जागा, रॅकून तपासायला तयार असलेला पशुवैद्य, घरात लहान मूल नाही आणि पुढची १५ वर्षं कुठे हलायचं नाही, हे सगळं जुळत असेल तर विचार करा. यातलं एक जरी हुकत असेल तर नको. रॅकूनच्या सहवासाचीच ओढ असेल तर वन्यजीव पुनर्वसन केंद्रात स्वयंसेवक म्हणून जा. तिथे पिल्लांना बाटली पाजायलाही मिळते, फक्त त्यांना माणसाचा लळा लागू नये याची काळजी घेऊन.

आणि एकटं पिल्लू सापडलं तर उचलून घरात आणू नका. उघड्या खोक्यात, सापडलं त्याच जागी रात्रभर ठेवा, बऱ्याचदा आई येऊन नेते. सकाळी तिथेच असेल तर केंद्राला फोन करा. खायला-प्यायला काही देऊ नका, जाड हातमोज्यांशिवाय हात लावू नका. चावलंच तर जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटं धुऊन त्याच दिवशी डॉक्टर गाठा.