जपानी डब्यात कराओके

बॉस या जपानी कंपनीचं डीएम-२ हे डिले पेडल, म्हणजे गिटारच्या सुराचे पडसाद पाडणारा डबा, १९८१ ते १९८४ या काळात बनलं. गुलाबी डबा, तीन नॉब आणि आत बीबीडी ही अ‍ॅनालॉग चिप. ही चिप सूर घमेल्यांसारखा हातोहात पुढे सरकवते. दर हाताला थोडं सांडतं, म्हणून प्रत्येक पडसाद आधीच्याहून धूसर येतो. इंटेन्सिटीचा नॉब पूर्ण फिरवला की पडसाद विरायचे थांबतात, एकमेकांवर चढत जातात आणि खोलीभर घोंगावू लागतात. त्या घोंगावण्यापायी माझे बावीस हजार गेले.

विकणाऱ्याने व्हिडिओ पाठवला होता. एकच सूर छेडून त्याने नॉब फिरवला आणि नुसता धुक्याचा लोट उठला. एका रात्रीत मी तो दहा वेळा पाहिला असेन. पडसाद अर्ध्या सेकंदाहून लांब येत होते. मी म्हटलं, वा! खऱ्या डीएम-२चा डिले ३०० मिलिसेकंदांवर संपतो, हे मला पाठ होतं. पण लाळ गळत असली की पाठांतर आठवत नाही.

आतला फोटो मागितला तर म्हणाला, "सर, सील तुटेल." चाळीस वर्षांच्या पेडलला कसलं आलंय सील? तेही मी ऐकून घेतलं.

दादरच्या फलाटावर भेटलो. त्याला लोकल पकडायची घाई. पेडल वाजवून बघायला अँप (अ‍ॅम्प्लिफायर) नव्हताच. बॅटरीवर दिवा लागला, मी यूपीआय केलं.

पुण्याला घरी येऊन साधा ९ व्होल्टचा अडॅप्टर लावला, तर दिवा लख्ख. तिथे पाल चुकचुकली. त्या काळच्या बॉस पेडलना जास्त व्होल्टचा अडॅप्टर लागायचा. साध्या अडॅप्टरवर त्यांचा दिवा मिणमिणतो. डिले लांबवला तर पडसादांच्या शेपटीला वाळू घासल्यासारखी खरखर. शेवटी तळाचे चार स्क्रू काढले. आत कोरा करकरीत बोर्ड, पाच व्होल्टचा रेग्युलेटर आणि सोळा पायांची पीटी२३९९, म्हणजे कराओके यंत्रात इकोसाठी घालतात ती डिजिटल चिप. खरी बीबीडी लांबट असते: चार कोपऱ्यांत दोन-दोन पाय, मध्ये मोकळी जागा. डबा मात्र अस्सल, तळाच्या नंबरासकट.

घोंगावणं खरं होतं, पण ते बहुतेक डिलेंना जमतं. परत फिरवलेला आवाज मूळ आवाजाला भारी झाला की झालं. त्यावरून आत काय आहे हे कळत नाही. तेव्हा जुनं पेडल घेताना तळ उघडलेला फोटो मागा, शेजारी आजची तारीख लिहिलेली चिठ्ठी ठेवून. आणि अँप असेल तिथेच भेटा.

फोन केला तर म्हणाला, "आवाज येतोय ना, सर?" मग नंबर ब्लॉक. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. पैसे अजून आलेले नाहीत.

परवा तोच व्हिडिओ वेगळ्या नावाने पुन्हा विक्रीला लागलेला दिसला, चोवीस हजारांना. उजव्या कोपऱ्यावरचा ओरखडासुद्धा तोच. ते पेडल माझ्या कपाटात आहे.