राफेल, एफ-३५ की सुखोई-५७? मत ठरवायच्या आधी एवढं बघा

बेळगावात विमानांवर गप्प बसणारा माणूस मिळणं अवघड. सांब्र्याला एअरफोर्सचं ट्रेनिंग स्कूल, कॅम्पात मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर, निपाणी-खानापूरकडं गल्लीत एक तरी रिटायर्ड फौजी, त्यामुळं परदेशी फायटर कुठलं घ्यावं ह्यावर प्रत्येकाचं मत तयार असतं आणि ते बहुतेक वेळा यूट्यूबवरच्या 'टॉप टेन'मधून आलेलं असतं. कॉलेजच्या डिबेटला बाजू घ्यायची असेल, नायतर नुसतं कट्ट्यावर भांडायचं असेल, तरी हे वाचून मग ठरवा. स्पीड किती, रडार कसलं, मिसाईल किती लांब जातं हे मी इथं फार लिहिणार नाही, ते कुठंही मिळतं.

आधी घाई का आहे ते. एअरफोर्सला मंजूर स्क्वाड्रन, म्हणजे फायटर विमानांच्या तुकड्या, ४२. सप्टेंबर २०२५ मध्ये चंदीगडला मिग-२१ ला निरोप दिला आणि हातात उरल्या २९. तिकडं १२६ विमानांचं टेंडर २००७ साली काढलं होतं, सहा कंपन्या आल्या, २०१२ ला फ्रान्सचं राफेल सगळ्यात स्वस्त ठरलं, मग आपल्या सरकारी विमान कंपनीनं, एचएएलनं बनवलेल्या विमानांची गॅरंटी कोण देणार ह्यावर गाडं अडलं आणि शेवटी २०१६ ला थेट ३६ घेतली. एवढ्या वर्षांत १२६ चे ३६ झाले.

आता विमान घ्यायचं म्हणजे नेमकं काय, हे आमच्या उद्यमबागेतल्या (बेळगावची इंडस्ट्रियल एरिया) कुठल्याही शॉपवाल्याला लगेच कळतं. बाहेरून आणलेल्या काही सीएनसी मशीनला आत एक सेन्सर बसवलेला असतो, मशीन जागेवरनं हलवलं की कंट्रोल लॉक होतो, स्क्रीनवर नुसता अलार्म, आणि कंपनीचा माणूस येऊन कोड घालेपर्यंत स्पिंडल फिरत नाही. मशीन तुमचं, लोन तुमच्या नावावर, हप्ता चालू, खरं चावी दुसऱ्याकडं. कारण काय, तर असलं मशीन नको त्या देशात जाऊ नये म्हणून त्यांच्या सरकारचा नियम. फायटरचंही हेच, फक्त मशीनऐवजी स्क्वाड्रन बंद पडते. म्हणून विचारायचं एवढंच, की चावी कुणाकडं आणि तो ती कधी काढून घेईल.

एफ-३५

हे अमेरिकेचं. विमान म्हणून पहिला नंबर, त्यात वाद नको. फेब्रुवारी २०२५ ला मोदी वॉशिंग्टनला गेले तेव्हा ट्रम्पनी शेजारी उभं राहून सांगितलं की भारताला पुढं एफ-३५ द्यायचा रस्ता मोकळा करतोय. ऑगस्टमध्ये त्याच माणसानं आपल्या मालावर ५० टक्के टॅरिफ लावला, त्यातला अर्धा रशियाचं तेल घेतो म्हणून. सहा महिन्यांत! आणि त्याच ऑगस्टमध्ये आपल्या सरकारनं संसदेत सांगितलं की एफ-३५ वर औपचारिक बोलणीच झालेली नाहीत. म्हणजे इथं कट्ट्यावर भांडणं लागली त्या सौद्याचा अजून कागदसुद्धा नाही.

किल स्विच, म्हणजे लांबनंच विमान बंद करायचं बटण, आहे का म्हणून लई लोक विचारतात. अमेरिका नाही म्हणते, आणि खरं सांगायचं तर त्याची गरजही नाही. शत्रूची रडारं ओळखायच्या फाईली, सॉफ्टवेअर, स्पेअर, सगळं त्यांच्याच सिस्टीममधनं येतं, ते थांबवलं की विमान काही महिन्यांत मागं पडतं. इस्रायलला त्यात स्वतःची भर घालायची मुभा आहे, ती आपल्याला मिळेल असं समजायला काही कारण दिसत नाही. त्यात आपल्याकडं रशियाची एस-४०० (विमानं पाडणारी मिसाईल यंत्रणा) आहे, आणि तीच एस-४०० घेतली म्हणून तुर्कस्तानला २०१९ मध्ये एफ-३५ च्या प्रोग्रॅममधनं बाहेर काढलं, तेही नाटोचा मेंबर असताना, विमानाचे पार्ट तिथं बनत असताना.

पाकिस्तानचं उदाहरण तर आपल्या लोकांनी पाठच करायला पाहिजे. एफ-१६ साठी पैसे भरले, १९९० ला अमेरिकेनं अणुबॉम्बचं कारण काढून बंदी घातली आणि तयार झालेली २८ विमानं ॲरिझोनाच्या वाळवंटात उभी राहिली. आपण तेव्हा हसलो असू. १९९८ ला पोखरण झालं आणि आपली पाळी आली. आपल्या देशी तेजस फायटरच्या फ्लाइट कंट्रोलचं काम करायला गेलेल्या आपल्या इंजिनियरांना अमेरिकेतनं परत पाठवलं, नेव्हीच्या सी किंग हेलिकॉप्टरांचे स्पेअर अडकले.

सुखोई-५७

रशियाची बाजू घेणारे इथं जास्त, विशेषतः जुने फौजी, आणि त्यांचं चूक नाही. मिग-२१ साठच्या दशकात आलं ते बनवायच्या लायसन्ससकट आलं, सुखोई-३० नाशिकजवळ ओझरला बनलं, आणि आपण ते कुणावर वापरणार म्हणून कधी कुणी विचारलं नाही. एअरो इंडिया २०२५ ला येलहंकाला एफ-३५ आणि सुखोई-५७ दोन्ही आली होती, आणि रशिया सुखोई-५७ भारतातच बनवा म्हणतोय.

खरं हेच विमान आपण एकदा सोडलंय. २००७ ला एकत्र बनवायचं ठरलं, डिझाईनसाठी २९.५ कोटी डॉलर दिले, आणि २०१८ ला बाहेर पडलो कारण एअरफोर्सला स्टेल्थही (रडारला कमी दिसायची क्षमता) पटलं नव्हतं, इंजिनही नाही. शिवाय युक्रेनची लढाई लागल्यापासून रशियाचं स्वतःचंच भागत नाही. २०२३ ला एअरफोर्सनं संसदेच्या समितीला सांगितलं की रशियाची एक मोठी डिलिव्हरी येणार नाही, एस-४०० च्या पाचातल्या शेवटच्या दोन लांबल्या. रशिया रागानं चावी काढून घेणार नाही, त्याला स्वतःलाच ती सापडत नाही असं झालंय. वर रशियाची हत्यारं घेणाऱ्यांवर अमेरिकेचे निर्बंध. इंडोनेशियानं सुखोई-३५ चा करार केला, निर्बंधांच्या भीतीनं लटकवला आणि २०२२ ला जाऊन ४२ राफेल घेतली.

राफेल

माझं मत इकडं झुकतं, आधीच सांगून टाकतो. स्टेल्थ नाही, महाग आहे, ३६ विमानांना साधारण ५९ हजार कोटी गेले (हत्यारं, स्पेअर, भारतासाठी केलेले बदल धरून), आणि फ्रान्सचा माणूस पैशाच्या बाबतीत एक इंच मागं सरत नाही. २०११ मध्ये त्यांच्याच जुन्या मिराज विमानांच्या नुसत्या अपग्रेडला दोन अब्ज डॉलरच्या आसपास मोजले. एकदा घेतलं की तीस-चाळीस वर्षं प्रत्येक बदलाला हेच.

तरीही का? इंजिन त्यांचं, रडार त्यांचं, अमेरिकेची परवानगी लागत नाही. आणि १९९८ ला अमेरिका, जपानसारखे देश निर्बंध लावत होते तेव्हा फ्रान्सनं लावले नाहीत. पुढच्याच वर्षी कारगिलला टायगर हिलवर लेझर बॉम्ब टाकले ते मिराजनीच.

फ्रान्स संत आहे असं कुणी समजू नये. १९६७ ला इस्रायलनं पैसे भरलेली ५० मिराज फ्रान्सचे तेव्हाचे अध्यक्ष द गॉलनी अडवली. २०१४-१५ ला रशियासाठी बांधलेली दोन मिस्त्राल लढाऊ जहाजं दिलीच नाहीत, पैसे परत केले आणि जहाजं इजिप्तला विकली. पाकिस्तानला मिराज आणि पाणबुड्याही त्यांनीच विकल्या. म्हणजे चावी तेही काढतात. फरक इतकाच की त्यांची भांडणं आणि आपली भांडणं सहसा एकमेकांच्या वाटेत येत नाहीत. अमेरिकेचं तसं नाही, तिला आपल्या तेलापासून आपल्या शेजाऱ्यापर्यंत सगळ्यात मत असतं.

मे २०२५ च्या ऑपरेशन सिंदूरनंतर राफेलवर लई चिखल उडाला. आपली काही विमानं पडली हे तेव्हाचे सीडीएस (तिन्ही दलांचे वरिष्ठ अधिकारी) जनरल चौहाननी सिंगापूरला मान्य केलं, आकडा दिला नाही. त्यावरनं राफेल भंगार म्हणणारा आणि काहीच झालं नाही म्हणणारा, दोघांकडंही पुरावा तेवढाच.

स्वीडनच्या ग्रिपेनबद्दल थोडक्यात. स्वस्त आणि चांगलं आहे, इंजिन अमेरिकेचं आहे. १९७८ ला स्वीडनचंच विगेन फायटर आपल्याला मिळालं नाही ते असंच, आत अमेरिकन इंजिनचं डिझाईन म्हणून अमेरिकेनं अडवलं. विषय संपला.

काम कुणाला मिळणार?

आपल्या भागातला खरा वाद हा. ३६ राफेलमध्ये एचएएलला बनवायला काहीच मिळालं नाही आणि २०१८ ला बेंगळुरात त्यावर राजकारण पेटलं, तर रिलायन्ससोबतचा कारखाना नागपूरला गेला. आता टाटा राफेलचा सांगाडा हैदराबादला बनवणार. तेजस बेंगळूरला आणि आता नाशिकलाही. कर्नाटकाला इतकं, महाराष्ट्राला इतकं, मधल्या आम्हाला नेहमीसारखी बातमी! तसं अगदी रिकामे हात नाहीत, बेळगावजवळच्या हत्तरगीच्या एसईझेडमध्ये विमानाचे पार्ट बनतात आणि पोरं तिथं शिफ्टला जातात. म्हणून 'मेक इन इंडिया' कुणी म्हणालं की कुठला पार्ट, कुणाच्या ड्रॉइंगवर आणि किती वर्षं, हे विचारा. नुसतं स्क्रू आवळायचं काम असेल तर एफ-३५ काय आणि राफेल काय, सारखंच.

'परदेशी कशाला, तेजसच बनवा' अशी बाजू घेणार असाल तर ती मला सगळ्यात आवडते, फक्त समोरचा एक प्रश्न टाकणार त्याची तयारी करून जा. तेजस मार्क १ए साठी ९९ इंजिनं अमेरिकेकडं २०२१ ला मागवली आणि त्यातलं पहिलं मार्च २०२५ ला आलं.