घरातला कापूस आणि मानसशास्त्राचे दृष्टिकोन: डिझर्टेशनला कोणता घ्यावा?

एमएच्या दुसऱ्या वर्षाला गेलं की विषय ठरवायची घाई सुरू होते आणि "सर, ॲप्रोच कोणता घेऊ?" हा प्रश्न मला हमखास येतो. यंदा तो घरातूनच आला. यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्याकडची माझी भाची विचारत होती. पुस्तकात सगळे दृष्टिकोन एका रांगेत, सारख्या उंचीचे उभे असतात. गावात नेले की काहींचे पाय जमिनीला लागत नाहीत. म्हणून तिला म्हटलं, तुझ्या घरच्या कापसावरच एकेक लावून बघू.

कापसाची गोष्ट अशी. २०२२ च्या सुरुवातीला भाव क्विंटलमागे १०,००० रुपयांच्या वर गेला. पुढच्या हंगामात तो ८,००० च्या आसपास रेंगाळला, मग आणखी घसरला. तरी कितीतरी घरांनी माल काढला नाही. भाचीच्या घरी पुढच्या खोलीत आढ्यापर्यंत गंजी, तिच्या कडेला भावाची दोन लेकरं झोपलेली, पोटऱ्यांवर लाल पुरळ. "भाव येईन म्हणून ठेवला जी, आता लेकरायचं अंग खाजवते," तिची आजी मला सांगत होती. नुकसान डोळ्यांसमोर दिसत असताना माणूस थांबतो कशासाठी, एवढाच आपला प्रश्न.

वर्तनवादी म्हणेल, मनात काय चाललंय ते सोडा, माणूस करतो काय ते मोजा. जॉन वॉटसनने १९१३ साली हीच भूमिका मांडली. पुढे स्किनरने कबुतरांवर दाखवलं की बक्षीस कधी मिळतं, कधी मिळत नाही अशा रीतीने लागलेली सवय सहजासहजी मोडत नाही. आमचे दाजी, म्हणजे भाचीचे वडील, दिवसातून किती वेळा मोबाइलवर भाव बघतात? भाचीने एक दिवस मोजलं: चौदा वेळा. एखाद्या दिवशी भाव शंभरने चढलेला असतो, आणि तेवढ्यावर पुढचे आठ दिवस निघतात. या पद्धतीला खर्च वहीपेनाचा. पण दाजी १०,००० च्याच आकड्याला का अडून बसलेत, ९,००० ला का नाही, हे वही सांगत नाही.

ते बोधात्मक, म्हणजे माणूस विचार कसा करतो ते बघणारा, दृष्टिकोन सांगतो, आणि माझा कल इकडे आहे हे आधीच कबूल करतो. ट्वर्स्की आणि काहनेमन या मानसशास्त्रज्ञांचा १९७४ चा प्रयोग बघा. लोकांसमोर आकड्यांचं चाक फिरवलं. ते मुद्दामच १० किंवा ६५ वर थांबेल असं केलेलं होतं. मग विचारलं, संयुक्त राष्ट्रांत आफ्रिकी देश शेकडा किती? ज्यांना १० दिसला त्यांचं मधलं उत्तर २५, ज्यांना ६५ दिसला त्यांचं ४५. चाकाचा नि आफ्रिकेचा काडीचा संबंध नाही, तरी आधी दिसलेल्या आकड्याने मन बांधलं. याला अँकरिंग म्हणतात. दाजींचं चाक २०२२ ला थांबलं. त्यात १९७९ साली याच दोघांनी मांडलेली गोष्ट जोडा: तेवढ्याच फायद्याच्या आनंदापेक्षा तोट्याची कळ जास्त लागते. ८,००० ला विकलं तर खिशात ८,००० आले असं दाजींना वाटतच नाही, २,००० गेले असं वाटतं. यावर साधं काम होऊ शकतं: एकाच मालाचा प्रश्न, काही शेतकऱ्यांना आधी जुना चढा भाव सांगून विचारायचा, काहींना न सांगता. यंत्र नको, प्रयोगशाळा नको.

अडचण टूलची आहे. इंग्रजी प्रश्नावली घरी बसून मराठीत केली की ती मराठी राहत नाही. माझ्या स्वतःच्या एमएच्या वेळी मी एका म्हाताऱ्या बाईंना पाच पर्याय वाचून दाखवले: पूर्णपणे सहमत, सहमत, सांगता येत नाही... त्या म्हणाल्या, "आता सहमत म्हटलं ना बापू एकडाव, अजून किती होऊ?" माझा अर्धा डेटा तिथेच बाद झाला. टिकल्यांचा किंवा कापसाच्या बोंडांचा ढीग लावून "कमी-जास्त" विचारलं असतं तर जमलं असतं.

सामाजिक-सांस्कृतिक दृष्टिकोन विचारतो, निर्णय दाजींचा एकट्याचा आहे का? शेजाऱ्याने विकला नसेल तर आधी विकणारा चारचौघांत येडा ठरतो. सावकार पैसे कधी मागतो, पोरीचं लग्न कधी आहे, यावर माल हलतो. आणि माझ्या बहिणीला विचारलं तर गोष्टच वेगळी: वेचला तिने, झाडलोट करते ती, खाज तिच्या नातवंडांना, आणि तिने तो डिसेंबरातच काढला असता. पाच-सहा घरांत नवरा-बायकोच्या वेगवेगळ्या मुलाखती घेतल्या तरी चांगलं काम होतं. पण मुलाखती उतरवून काढायला किती रात्री जातात हे आधी विचारून घ्या. २०१० साली हेन्रिक आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की मानसशास्त्राचे बहुतेक निष्कर्ष पाश्चात्त्य, शिकलेल्या, सुखवस्तू लोकांवरून काढलेले आहेत. त्या अर्थाने आपली गावं म्हणजे अजून न नांगरलेलं वावर.

जैविक दृष्टिकोन डिझर्टेशनला परवडत नाही, पण डोक्यात ठेवा. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन माणसं गेली. मोनोक्रोटोफॉससारखी औषधं मज्जासंस्थेतलं ॲसिटिलकोलिनेस्टरेज हे विकर रोखतात. समोरचा माणूस बेचैन आहे, झोप नाही, असं नोंदवताना आठवड्यात फवारा मारला का, एवढं विचारायला काय जातं?

मनोविश्लेषणाची पोरांना भारी ओढ, स्वप्नं असतात ना त्यात! भारतात ते जुनंही आहे. गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ साली कलकत्त्यात मनोविश्लेषणाची संस्था काढली. पण दाजींचा कापूस म्हणजे दडपलेली कोणती इच्छा, हे सहा महिन्यांत तपासायचं कसं आणि चुकलं तर कळायचं कसं? मी नको म्हणतो.

मानवतावादी वाट संशोधनापेक्षा समुपदेशनाला जास्त उपयोगी. मॅस्लोचा माणसाच्या गरजांचा पिरॅमिड सगळे परीक्षेत काढतात. त्याच्या १९४३ च्या मूळ लेखात ते चित्रच नाही. याच वाटेवरच्या कार्ल रॉजर्सची ऐकून घेण्याची रीत मात्र मुलाखतीला जाणाऱ्या प्रत्येकाने शिकावी.

पुढे लोकांसोबतच काम करायचं असेल तर अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत झालेला 'विश्राम' हा मानसिक आरोग्याचा उपक्रम वाचा. नैराश्य असलेल्यांपैकी मदतीपर्यंत पोहोचणारे शेकडा ४.३ वरून २७.२ वर गेले, आणि त्यात गावातल्याच प्रशिक्षित माणसांचा मोठा वाटा होता. मात्र नुसत्या एमएवर क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होता येत नाही, भारतीय पुनर्वास परिषदेची (आरसीआय) नोंदणी लागते. हे प्रवेशाच्या वेळी कोणी सांगत नाही.

भाचीने बोधात्मक घेतलं, सोबत आईची मुलाखत जोडायची म्हणते. गाइड एकच धर म्हणेल. तेव्हा मुलाखत परिशिष्टात टाक, असं मी सुचवलं. प्रश्नावली दिवाळीच्या आत तयार हवी. वेचणी सुरू झाली की दिवसा घरी कोणी भेटत नाही, जेवणं आटोपल्यावरच जावं लागतं. आणि मार्च उलटला, खेडा खरेदीवाल्याची, म्हणजे गावात येऊन माल घेणाऱ्या व्यापाऱ्याची, गाडी दारात लागली, तर ज्या गंजीबद्दल विचारायचं तीच घरात नसेल.