सील पॅक होतं, तरी जुनंच निघालं

मी घरी मराठी टायपिंगची कामं घेते. विद्यापीठातल्या मुलांचे प्रबंध, वकिलांचे दस्त, लगीनसराईत पत्रिका. जुन्या कीबोर्डाची वायर सारखी पायात यायची, म्हणून दिवाळीआधी कीबोर्ड-माऊसचा वायरलेस सेट घ्यायला राजारामपुरीतल्या एका दुकानात गेले.

काउंटरवर लावलेला सेट चालवून बघितला. बटणं मऊ, आवाज कमी. आवडला. मग दुकानदारानं आतून सील पॅक खोका आणला. छापील किंमत १,७९५, मला ११०० ला.

"बिल पायजे काय ताई? पक्क्या बिलाला अठरा टक्के वर पडतील."

छापील किमतीत सगळे कर धरलेले असतात हे मला ठाऊक होतं. पण दोनशे रुपये वाचतायत म्हटल्यावर गप्प बसले आणि रोख पैसे मोजले. तिथंच गंडले.

घरी प्लास्टिक फाडलं, सेल घातले, माऊसच्या पोटातला इवलासा डोंगल, म्हणजे सिग्नल पकडणारा यूएसबीचा तुकडा, कॉम्प्युटरला लावला. माऊस पळाला, कीबोर्ड ढिम्म. सेल बदलले, पुढचं पोर्ट झालं, मागचं झालं. शेवटी मुलगा म्हणाला, "आई, दोघांना मिळून एकच डोंगल असतो आणि जोडी कारखान्यातच लागून येते. हा कीबोर्ड दुसऱ्याच सेटातला दिसतोय." काही डोंगलना सॉफ्टवेअरनं नवी जोडी लावता येते म्हणे, याला ती सोय नव्हती.

मग कीबोर्ड खिडकीशी नेला. नवा स्पेसबार बोटाला किंचित खरखरीत लागतो. हा डाव्या अंगठ्याच्या जागी आरशासारखा गुळगुळीत. आणि डब्ल्यू, ए, एस, डी ही चारच बटणं तेलकट चमकत होती. टायपिंगवाल्याच्या हाताखाली बटणं अशी झिजत नाहीत, माझ्या जुन्या कीबोर्डाकडं बघून सांगते. गेम खेळणाऱ्या पोराचं काम ते. उलटा केला, तर पाठीवरच्या स्टिकरचा मॉडेल नंबर एक आणि खोक्यावरचा दुसरा!

दुसऱ्या दिवशी दुकानात गेले.

"सील तुम्हीच फोडलंय न्हवं? घरातला जुना कीबोर्ड घालून आणला नसंल कशावरनं?"

यावर काय बोलणार? ते सील म्हणजे गरम हवेनं आवळलेलं साधं प्लास्टिक, कुणीही घरी करावं असलं. ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर तक्रार करावी म्हटलं, तर हातात कागद म्हणून काय, एक खोका. अकराशे गेले ते गेलेच.

पुढच्या महिन्यात शाहूपुरीत दुसरा सेट घेतला. "हाच खोका माझ्यासमोर फोडा, यातलाच डोंगल लावून दाखवा," म्हटल्यावर दुकानदाराचं तोंड वाकडं झालं. "फोडलं की माल परत जात न्हाई ओ ताई." म्हटलं, मग वायरचाच द्या. तेव्हा फोडला. दोन्ही चालवून बघितलं, मॉडेल नंबर ताडून बघितले. वायरलेस कीबोर्डाला बीआयएसची, म्हणजे भारतीय मानक ब्युरोची, नोंदणी सक्तीची आहे, तो 'आर'नं सुरू होणारा नंबर त्यांच्या बीआयएस केअर ॲपवर टाकला. बिलावर मॉडेल आणि सीरियल नंबर लिहून घेतला, पैसे यूपीआयनं दिले. सगळ्याला वीस मिनिटं लागली, मागं गिऱ्हाइकं खोळंबली होती.

पहिल्या सेटातला माऊस अजून चालतोय. तो मुलाला दिलाय.