घरच्या ब्रेडसाठी तीस लिटरचा ओटीजी

घरी नियमितपणे ब्रेड भाजायचा असेल तर २८ ते ३० लिटरचा ओटीजी (ओव्हन-टोस्टर-ग्रिल) घ्यावा, असे माझे मत काही वर्षांच्या वापरानंतर पक्के झाले आहे. या आकाराच्या बहुतेक ओव्हनची रचना सारखीच असल्यामुळे येथे कंपनीपेक्षा गुणदोषांचाच विचार केला आहे. साधा मायक्रोवेव्ह या कामाचा नाही, कारण तो मुख्यतः पदार्थातील पाणी तापवतो आणि ब्रेडला वरून खरपूस कवच येत नाही. ओटीजीत वर आणि खाली तापणाऱ्या सळया असतात, तापमानाची खुंटी असते, आणि ब्रेडला नेमके हेच लागते.

माझी तुलना अर्थातच आईच्या ओव्हनशी आहे. आमच्या साताऱ्याच्या घरात बाजारचा पाव येत नसे. आजीचे सोवळे कडक होते आणि पीठ कोणी मळले, कशाने आंबवले हे ठाऊक नसलेली वस्तू तिला स्वयंपाकघरात चालत नसे. आईने झाकणाला काचेची खिडकी असलेला ॲल्युमिनियमचा गोल विजेचा ओव्हन घेतला, ओळखीच्या बेकरीतून कागदाच्या पुडीत ताजे यीस्ट आणले आणि आजीच्या डोळ्यांदेखत पीठ मळून पहिला ब्रेड भाजला. आजीने बराच वेळ तो हातात धरून पाहिला, मग घरच्या लोण्याबरोबर मेतकूट लावून खाल्ला, आणि पुढे दर रविवारी तीच आईला पीठ भिजवण्याची आठवण करू लागली. त्या ओव्हनला थर्मोस्टॅट नव्हता. तो पुरेसा तापला की नाही हे पाहण्यासाठी आई ताटलीत चिमूटभर मैदा पसरून आत ठेवी आणि त्याचा रंग किती वेळात बदलतो यावरून अंदाज बांधी.

आजच्या ओटीजीत हा अंदाज बांधण्याची गरज उरत नाही, असे वाटेल. पण खुंटीवरचा आकडा आणि आतले खरे तापमान यांत माझ्या ओव्हनमध्ये बराच फरक आहे. खुंटी २०० अंशांवर ठेवली तर आत १८० च्या आसपासच तापमान असते. म्हणून ओव्हनमध्ये ठेवायचा छोटा तापमापक वेगळा घ्यावा. त्याच्यासारखा उपयोगी खर्च दुसरा नाही. भाजण्याआधी किमान पंधरा मिनिटे ओव्हन तापू द्यावा.

माझे नेहमीचे प्रमाण असे आहे: २०० ग्रॅम मैदा, १५० ग्रॅम कणीक, ५ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, ६ ग्रॅम मीठ, एक चमचा साखर, दीड मोठा चमचा तेल आणि सुमारे २३५ मिलिलिटर कोमट पाणी. कणकेतील कोंड्याचे कण पिठाला ताण देणाऱ्या ग्लुटेन या प्रथिनाचे जाळे तोडतात, त्यामुळे निव्वळ कणकेचा ब्रेड कमी फुगतो आणि घट्ट होतो. थोडा मैदा मिसळल्याने हलकेपणा येतो आणि गव्हाची चवही राहते. डिसेंबरच्या थंडीत पीठ फुगायला फार वेळ लागतो. आई अशा वेळी पिठाचे पातेले गोधडीत गुंडाळून ठेवी. मी बंद ओटीजीत पिठाशेजारी उकळत्या पाण्याची वाटी ठेवते, आणि या कामी हा ओव्हन मला भाजण्याइतकाच उपयोगी वाटतो. आठ बाय चार इंचांचा साचा खालच्या जाळीवर ठेवून १९० अंशांवर तीस ते पस्तीस मिनिटे भाजले की ब्रेड होतो. आतला मऊ भाग पाण्यामुळे शंभर अंशांच्या वर जात नाही, मात्र कोरड्या पडलेल्या कवचावर साखर आणि प्रथिने यांची अभिक्रिया होऊन तपकिरी रंग येतो आणि घरभर तो वास पसरतो, ज्याने बाबा वर्तमानपत्र सोडून स्वयंपाकघरात येत. त्यांना कडेचा तुकडा गरम असतानाच हवा असे आणि आई तो कधीही देत नसे. तिचे बरोबर होते, कारण स्टार्च निवता निवता घट्ट होतो आणि घाईने कापलेला ब्रेड आतून चिकट लागतो.

उणिवाही आहेत. वरच्या सळया साच्याच्या फार जवळ येत असल्यामुळे वीस मिनिटांनंतर वरून फॉइल झाकावी लागते. माझ्या ओव्हनमध्ये मागची बाजू अधिक तापते, म्हणून अर्ध्या वेळेनंतर साचा फिरवावा लागतो. दारातून वाफ निसटत राहते, त्यामुळे जाड, कुरकुरीत कवचाचा सावरडो (नैसर्गिक आंबवणाने फुगवलेला) ब्रेड करण्याची हौस असेल तर झाकणाचे जड बिडाचे भांडे लागेल, आणि ते या ओव्हनमध्ये जेमतेम बसते. घरात लहान मुले असतील तर दाराची काच फार तापते हेही लक्षात ठेवावे.

इतके करूनही घरचा ब्रेड मला बाजारच्या ब्रेडपेक्षा श्रेयस्कर वाटतो. २०१६ मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने तपासलेल्या ब्रेडच्या बहुतेक नमुन्यांत पोटॅशियम ब्रोमेट किंवा आयोडेट या पिठात मिसळल्या जाणाऱ्या रसायनांचे अंश आढळले आणि त्याच वर्षी ब्रोमेटवर बंदी आली. ती बातमी वाचताना मला आजीचा आग्रह आठवला. मात्र घरचा ब्रेड दोन-तीन दिवसांतच संपवावा. तो फ्रिजमध्ये लवकर शिळा होतो, म्हणून सुती फडक्यात गुंडाळून बाहेर ठेवावा आणि उरलेल्याचे टोस्ट करावेत.

माझा ओव्हन १५०० वॉटचा आहे. तापण्याचा वेळ धरून एका भाजणीला एका युनिटच्या आसपास वीज लागते, पण त्याला १६ अँपिअरचा प्लग हवा. साध्या ६ अँपिअरच्या सॉकेटवर तो लावू नये. आईच्या ओव्हनची कॉइल जळाली की गावातला वीजवस्तू दुरुस्त करणारा कारागीर ती तासाभरात बदलून देई. ओटीजी घेण्यापूर्वी त्याच्या सळया आणि थर्मोस्टॅट आपल्या गावात सुटे मिळतात का, हे दुकानदाराला अवश्य विचारावे, आणि उत्तर नकारार्थी आले तर ते मिळणारा दुसरा ओव्हन निवडावा.