परदेशातून पैसे: आयएफएससी द्यायचा की स्विफ्ट कोड?

दुबईतल्या मुलाने 'कोड पाठवा' म्हटलं की इकडे खानापुरात पासबुक उघडून आयएफएससी कळवला जातो. पण तो पैसे कुठल्या वाटेने पाठवणार, हे आधी विचारा.

एक्स्चेंज हाऊसमधून (चलन बदलून पैसे पाठवणारी तिथली कंपनी) थेट खात्यात पाठवणार असेल तर साधारणपणे खाते नंबर आणि आयएफएससी पुरतो. दिरहम तिथेच मोडतात, रुपयाचा दर पावतीवर दिसतो. कोडातलं पाचवं अक्षर शून्य असतं, इंग्रजी ओ नव्हे, एवढं बजावून सांगा. महिन्याच्या घरखर्चासाठी मी हाच मार्ग धरेन. रोख उचलायची सेवा वेगळी: एका वेळी जास्तीत जास्त २५०० डॉलर, वर्षात ३० वेळा, आणि ५०,००० रुपयांच्या वर रोख हातात मिळत नाही.

तिथल्या बँकेतून वायर करायची, म्हणजे बँकेतून बँकेत पैसे पाठवायचे, तर स्विफ्ट कोड, म्हणजे जगभरात बँक ओळखायचा कोड, हवाच. तो ८ किंवा ११ अक्षरांचा: पहिली चार बँकेची, दोन देशाची, दोन ठिकाणाची, शेवटची तीन असलीच तर शाखेची. गोची इथेच होते. तालुक्याच्या शाखेला बहुधा स्वतःचा स्विफ्ट कोड नसतो. मग परकीय चलनाचं काम बघणाऱ्या शाखेचा किंवा मुख्यालयाचा कोड द्यायचा, सोबत आपला खाते नंबर आणि आयएफएससी. हा कोड नेटवरून उचलू नका, शाखेतून लिहून घ्या. पतसंस्थेतलं (सोसायटीतलं) खातं इथे चालत नाही. फॉर्मवर आयबॅन (बऱ्याच देशांत चालणारा आंतरराष्ट्रीय खाते नंबर) मागितला तर घाबरू नका, भारतात तो नाहीच. साधा खाते नंबर द्यायचा.

वायरमध्ये वाटेतली बँकही आपलं कमिशन कापू शकते. सगळा खर्च पाठवणाऱ्याने उचलायचा की वाटून घ्यायचा, हे फॉर्म भरतानाच ठरतं. डॉलर मोडताना इकडची बँक आपला दर लावते, वर जीएसटी. लहान रकमेला हे सगळं जड जातं. घर बांधायला एकदम मोठी रक्कम यायची असेल तर तेवढं जाणवत नाही.

बेळगावच्या उद्यमबागेतून कास्टिंग (ओतीव सुटे भाग) परदेशी पाठवणाऱ्याने मात्र स्विफ्टच धरावं. बिलाचे पैसे आल्याचा बँकेचा कागद पुढे लागतो, आणि त्या रोख सेवेत धंद्याचे पैसे मुळात चालतच नाहीत.

दोन्हीकडे नाव पासबुकावर आहे तसंच कळवा. पासबुकावर नुसती आद्याक्षरं आणि फॉर्मवर वडिलांसकट पूर्ण नाव, असं झालं की कोड बरोबर असूनही पैसे अडकू शकतात.