जुना लॅपटॉप: साफसफाई करून चालवावा की सरळ फॉरमॅट मारावा?

सहा-सात वर्षं वापरलेला लॅपटॉप संथ झाला की सल्ले दोनच मिळतात. नको ते प्रोग्रॅम काढून टाक, चालेल अजून. नाहीतर फॉरमॅट मार, म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्याने बसव. मी दोन्ही करून पाहिलं आहे. दोन्हींत तथ्य आहे, पण तुमचं काम माझ्यासारखं दिवसभर फाइलींशी असेल तर माझा कल कुठे आहे ते पुढे कळेलच.

मशीनमध्ये अजून फिरती हार्ड डिस्क असेल तर हा प्रश्न आज सोडवूच नका. आधी एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली वेगवान डिस्क, बसवा. जुन्या हार्ड डिस्कवर नवं विंडोज टाकून मिळणारा वेग अपडेट सुरू होईपर्यंतच टिकतो. पुढचं सगळं एसएसडी आहे असं धरून.

साफसफाईची बाजू आधी, कारण ती दुबळी नाही. टास्क मॅनेजरमधली स्टार्टअपची यादी आवरली, ब्राउझरमधली एक्स्टेन्शन्स कमी केली, डिस्क क्लीनअपमध्ये सिस्टिम फाइल्सही निवडून जुन्या अपडेटचा गाळ काढला, तर फरक खरोखर पडतो. मशीन लवकर उठतं, पंखा शांत राहतो. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे काहीच हरवत नाही. प्रिंटर तसाच, फाँट तसेच, पासवर्ड तसेच. एका संध्याकाळी काम उरकतं.

पण माझ्याकडे राइट क्लिक सुधारलं नाही.

ऐकायला किरकोळ वाटेल. फाइलवर राइट क्लिक करायचं, निळं वर्तुळ फिरत राहायचं, मेनू उशिरा उघडायचा. तोवर हात पुढे गेलेला असायचा आणि क्लिक भलत्याच ओळीवर पडायचं. नाव बदलायचं, झिप करायचं, प्रिंटला द्यायचं, पीडीएफ पाठवायची, दर वेळी हाच थांबा. मशीन चालू व्हायला एक मिनिट जास्त लागलं तर माणूस चहा ठेवतो. हा थांबा मात्र विचाराच्या मधोमध येतो.

कारण शोधलं तेव्हा चित्र स्पष्ट झालं. आपण टाकलेला जवळजवळ प्रत्येक प्रोग्रॅम त्या मेनूत स्वतःची एक ओळ घुसवतो, आणि मेनू दाखवण्याआधी एक्सप्लोररला (फाइली दाखवणाऱ्या विंडोजच्या प्रोग्रॅमला) त्यातल्या बऱ्याच जणांना विचारावं लागतं. प्रोग्रॅम अनइन्स्टॉल केला तरी त्याची रजिस्ट्रीतली (विंडोज आपली सेटिंग्ज ठेवतं त्या यादीतली) नोंद जाईलच असं नाही. शेलएक्सव्ह्यू नावाचं छोटं मोफत साधन ही सगळी यादी दाखवतं. मायक्रोसॉफ्टच्या नसलेल्या नोंदी बंद करायच्या, एक्सप्लोरर पुन्हा सुरू करायचा, बघायचं. मी ते केलं, बरं वाटलं, आणि मग कुठल्यातरी पीडीएफ प्रोग्रॅमचा अपडेट येऊन नोंद परत हजर. पुन्हा तीच शोधाशोध. तिथे माझा निर्णय झाला.

मधली वाट म्हणून रीसेटचा पर्याय आहे, फाइली ठेवून विंडोज नव्याने बसवणारा. मला तो अर्धवट वाटतो. प्रोग्रॅम तर जातातच, म्हणजे ते पुन्हा टाकायचे कष्ट वाचत नाहीत. आणि लॅपटॉपसोबत आलेला ट्रायल अँटिव्हायरस वगैरे परत येऊन बसू शकतो. ज्यांना पेनड्राइव्हवरून बूट करायची धास्ती वाटते त्यांच्यासाठी ठीक.

फॉरमॅटमध्ये विंडोज टाकणं हा सोपा भाग. मायक्रोसॉफ्टचं मीडिया क्रिएशन टूल (विंडोजचा पेनड्राइव्ह बनवून देणारं) आणि 8 जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो. मूळ विंडोज अस्सल असेल तर डिजिटल परवाना मदरबोर्डशी जोडलेला असतो, तेव्हा प्रॉडक्ट की विचारली तरी ती पायरी ओलांडून आधीचीच आवृत्ती (होम किंवा प्रो) निवडा. इंटरनेट लागलं की आपोआप अ‍ॅक्टिव्हेट होतं. दुकानात देत असाल तर हे आवर्जून सांगा. नाहीतर परवाना चुकवणारा कुठलासा अ‍ॅक्टिव्हेटर आणि क्रॅक केलेलं ऑफिस टाकून मिळतं, आणि स्वच्छ मशीन पहिल्याच दिवशी संशयास्पद होतं.

अवघड भाग त्याआधीचा. आपल्याकडे समज असा की डेटा डी ड्राइव्हवर आहे, सी उडवला तरी चालेल. डेस्कटॉप, डाउनलोड्स आणि डॉक्युमेंट्स सहसा सी वरच असतात. आउटलुक वापरत असाल तर त्याची मेल साठवणारी पीएसटी फाइलही. डी ड्राइव्हला बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला कुलूप) असेल तर रिकव्हरी की आधी कागदावर उतरवा. वायफायचा ड्रायव्हर पेनड्राइव्हवर घेऊन ठेवा. आणि फाँट! विंडोज 10 मध्ये फक्त आपल्यापुरते टाकलेले फाँट सी:\विंडोज\फाँट्समध्ये नसतात, ते आपल्या यूजर फोल्डरच्या लपवलेल्या अ‍ॅपडेटामध्ये असतात. जुन्या मराठी फायली उघडायच्या असतील तर दोन्ही ठिकाणं तपासा. नव्या टायपिंगची चिंता नको. मे 2019 च्या अपडेटपासून मराठी फोनेटिक कीबोर्ड विंडोजमध्येच आहे.

एवढं करून बसल्यावर राइट क्लिकचा मेनू लगेच उघडतो, आणि माझ्यापुरता हिशेब तिथेच फिटला. यात प्रोग्रॅम कमी परत टाकल्याचाही वाटा आहेच.

तरी सगळ्यांनी फॉरमॅट मारावा असं म्हणणार नाही. टॅली असेल तर परवाना आधी सरेंडर करावा लागतो. डिजिटल सहीचं टोकन असेल तर त्याचा ड्रायव्हर आणि जीएसटीच्या साइटवर सही करायला लागणारं एमसायनर पुन्हा बसवण्यात वेळ जातो. मराठी टायपिंगचं जुनं श्रीलिपी सॉफ्टवेअर आहे, पण त्याची सीडी सापडत नाही, अशा मशीनला मी तरी साफसफाईवरच ठेवेन.

आणखी एक अडचण वयाची. विंडोज 10 चा नेहमीचा आधार, म्हणजे अपडेट मिळणं, 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 (मशीनमधली सुरक्षेची सोय) लागतं, आणि इंटेल असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर. मशीन या अटीत बसत असेल तर फॉरमॅटचं पारडं आणखी जड होतं, कारण तेवढ्याच कष्टात 11 मिळतं. बसत नसेल आणि काम ब्राउझरपुरतंच असेल, तर विंडोजऐवजी चालणारं मोफत लिनक्स मिंट पेनड्राइव्हवरून चालवून बघायला हरकत नाही. डिस्कला हातही लागत नाही.

करायचं ठरलंच तर क्लोनझिला या मोफत साधनाने संपूर्ण डिस्कची प्रत बाहेरच्या ड्राइव्हवर घ्या. आणि दर महिन्याला जीएसटीचं विवरणपत्र भरत असाल तर 20 तारखेची मुदत उलटल्यावरच सुरुवात करा.